धूर कुणाच्या वाट्याला?

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी इथे जहाजे बांधायला घेतली. त्या आरमारावर पुस्तके लिहिली गेली. इथल्या रानातल्या लाकडावर शतकानुशतके पेटलेल्या घरच्या चुलीवर कुणी लिहिले नाही.

चूल चालवणे हे शास्त्र आहे. माझ्या दादीला ते येत होते. सुकी बाभूळ आच धरते, ओले लाकूड नुसते धुमसते. पुढे भाकरी, मागच्या वैलावर सालन. पण चूल कुठे मांडायची आणि भिंतीत झरोका ठेवायचा की नाही, हे पुरुष ठरवत.

१९५५ मध्ये मुंबईत बर्शेन गॅस आला, पण तो परवडणाऱ्यांसाठी. धुराडे असलेल्या सुधारित चुलींसारख्या उपायांचा राष्ट्रीय कार्यक्रम सरकारने सुरू केला तो १९८३ मध्ये. २००२ मध्ये तो थांबला.

धुरावरचा उपाय मात्र आपल्याला आधीपासून ठाऊक होता. लग्नाच्या दावतीत बावर्ची पुरुष असतो आणि देगीखालची चूल उघड्यावर पेटते. घरातली चूल कोंदट खोलीत राहिली, कारण तिथे फुंकणी बाईच्या हातात होती.