कोणत्या पानासाठी कोणता शोधशब्द? संकेतस्थळाच्या मांडणीचे मूलतत्त्व

गुगलसारख्या शोधयंत्रात माहिती मिळवण्यासाठी वाचक जे शब्द टंकित करतो, त्यांना शोधशब्द किंवा कीवर्ड म्हणतात. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानासाठी योग्य शोधशब्द निश्चित करणे हे लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे असते. ग्राहक त्याच्या संकेतस्थळावर थेट पोहोचला नाही, तर तो बहुधा मोठ्या आरक्षण-संकेतस्थळामार्फत येतो आणि उत्पन्नाचा काही भाग दलालीत जातो.

शोधामागील हेतू

संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार मांडले. पहिला, माहिती मिळवण्यासाठी केलेला शोध; दुसरा, ठरावीक संकेतस्थळावर पोहोचण्यासाठी केलेला शोध; आणि तिसरा, खरेदी किंवा आरक्षणासारखा व्यवहार करण्यासाठी केलेला शोध. पानागणिक शोधशब्द ठरवताना हे वर्गीकरण आजही उपयोगी पडते. एका पानाने एकाच हेतूला पूर्ण उत्तर द्यावे, हा त्यामागील मुख्य नियम होय.

एक उदाहरण

काणकोण तालुक्यात चार खोल्यांचे होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबाचे संकेतस्थळ कल्पनेत आणावे. त्याच्या मुखपृष्ठावर होमस्टेचे नाव आणि ‘काणकोण होमस्टे’ हा व्यापक शब्दसमूह असावा. खोल्यांच्या पानाला ‘पाळोळे किनाऱ्याजवळ कुटुंबासाठी खोली’ असा व्यवहाराकडे झुकणारा शब्दसमूह शोभतो. परिसराच्या पानावर खोतीगाव अभयारण्य, तसेच आगोंद व गालजीबाग येथे अंडी घालण्यासाठी येणारी सागरी कासवे यांविषयीचे माहितीपर शोधशब्द यावेत. संपर्काच्या पानावर ‘काणकोण रेल्वे स्थानकावरून कसे यावे’ या प्रश्नाचे उत्तर असावे.

‘गोवा हॉटेल’ हा शब्दसमूह मात्र या कुटुंबाच्या उपयोगाचा नाही. त्याचा शोध मोठ्या प्रमाणावर होत असला, तरी त्यासाठीची स्पर्धा मोठ्या कंपन्यांमध्ये चालते. शिवाय तो शोधणाऱ्याला उत्तर गोव्यात राहायचे की दक्षिण गोव्यात, हेही अनेकदा ठरलेले नसते. लांब आणि नेमका शब्दसमूह कमी लोक शोधतात. परंतु त्यांचा निर्णय आरक्षणाच्या अधिक जवळ आलेला असतो.

शब्द कोठून मिळवावेत?

पहिला स्रोत म्हणजे ग्राहकांचे दूरध्वनी आणि संदेश. ‘गाडी ठेवायला जागा आहे का’, ‘शाकाहारी जेवण मिळेल का’ हे प्रश्न हेच भावी शोधशब्द असतात. गुगलच्या शोधचौकटीत आपोआप उमटणाऱ्या सूचना हा दुसरा स्रोत. २००६ मध्ये सुरू झालेल्या गुगल ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाचा शोध कोणत्या महिन्यात वाढतो व कोणत्या महिन्यात ओसरतो, हे विनामूल्य पाहता येते. सर्च कन्सोल या साधनात आपले पान कोणत्या शोधांसाठी दिसले आणि त्यावर किती जणांनी क्लिक केले, याची नोंद मिळते.

गोव्यात स्थळनामांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. काणकोणला ‘कानाकोना’, डिचोलीला ‘बिचोलिम’, केप्याला ‘क्वेपेम’, सांग्याला ‘सांगेम’ म्हणणारे आणि तसे लिहिणारे अनेक आहेत. मडगाव आणि ‘मार्गाव’ ही दोन्ही रूपे रोजच्या वापरात आहेत. परराज्यातील पर्यटक रोमन लिपीतील रूढ रूप टंकित करण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून इंग्रजी पानावर ते रूप प्रमुख ठेवून स्थानिक रूप मजकुरात स्वाभाविकपणे यावे. मराठी वाचकांसाठी स्वतंत्र पान असावे. दोन भाषांची सरमिसळ एकाच पानावर करू नये.

टाळावयाच्या चुका

एकाच शोधशब्दासाठी दोन-तीन पाने लिहिली, तर ती परस्परांशीच स्पर्धा करू लागतात आणि नको ते पान पुढे येण्याचा संभव असतो. अशा वेळी मजकूर एका पानात एकत्र करून जुना पत्ता नव्या पत्त्याकडे कायमचा वळवावा.

निवडलेला शब्दसमूह पानाचे शीर्षक, मुख्य मथळा आणि पहिला परिच्छेद यांत सहजपणे यावा. तोच शब्द पुन्हापुन्हा कोंबणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. पानाच्या संकेतलेखनात लपवलेली कीवर्डची यादी क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, हे गुगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते. त्या यादीसाठी कोणी वेगळे शुल्क मागत असल्यास ते देण्याचे कारण नाही.

नोंद आणि फेरतपासणी

प्रत्येक पानाचे नाव, त्याचा एक मुख्य शोधशब्द, दोन-तीन पूरक शब्द आणि शोधामागील हेतू असा साधा तक्ता वहीत केला तरी पुरतो. गोव्यातील पर्यटनाचे मान ऋतूनुसार बदलत असल्याने पावसाळ्यापूर्वी आणि पर्यटन हंगामापूर्वी असा वर्षातून दोनदा हा तक्ता सर्च कन्सोलमधील नोंदींशी ताडून पाहावा. ज्या पानाला पाहणारे मिळतात पण चौकशी येत नाही, तेथे शब्द आणि हेतू यांची जोडी प्रथम तपासावी.