स्नोमोबाइल क्लचची उंचीनुसार जुळणी

स्नोमोबाइल क्लचची उंचीनुसार जुळणी म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे क्लचमधील वजने, स्प्रिंगा व हेलिक्स हे भाग बदलून इंजिन त्याच्या कमाल शक्तीच्या वेगावर फिरत ठेवण्याची पद्धत होय. उंचीवर हवा विरळ होत जाते व इंजिनाची शक्ती घटते. आधुनिक इंजिनातील इंधनपुरवठा संवेदकांच्या साहाय्याने या बदलाशी आपोआप जुळवून घेतो; प्रचलित क्लच मात्र निव्वळ यांत्रिक असल्यामुळे त्याची जुळणी हातानेच करावी लागते. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वत व त्यालगतच्या डोंगररांगांमध्ये स्नोमोबाइल चालवणाऱ्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट येथील जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' हे हलके स्नोमोबाइल बाजारात आणले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रोझो येथे पोलारिस कंपनीने याच दशकात अशी वाहने बनवण्यास प्रारंभ केला होता. ही दोन्ही ठिकाणे कमी उंचीवरची आहेत. पुढे या वाहनांचा वापर पर्वतीय प्रदेशांत वाढला, तेव्हा उंचीचा प्रश्न पुढे आला. मोंटाना राज्यातील कुक सिटी हे गाव सुमारे २,३०० मीटर, तर वायोमिंगमधील टोगवोटी खिंड २,९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोक शहर सुमारे ४८० मीटर उंचीवर असले, तरी भोवतालच्या डोंगरांत चालक २,००० मीटरच्या वर जातात. तेथे एकाच दिवसात उंचीचा मोठा फरक पडतो. भारतात काश्मीरमधील गुलमर्ग येथे सुमारे २,६५० मीटर उंचीवर पर्यटकांसाठी स्नोमोबाइल चालवली जातात.

क्लचची रचना

स्नोमोबाइलमध्ये हाताने बदलायचे गिअर नसतात. व्ही आकाराचा रबरी पट्टा आणि दोन कप्प्या यांच्याद्वारे वेगाचे गुणोत्तर सतत बदलत राहते. भारतीय रस्त्यांवरील गिअरविरहित स्कूटरमध्येही हेच तत्त्व वापरलेले असते.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर बसवलेल्या कप्पीला प्राथमिक क्लच म्हणतात. इंजिनाचा वेग वाढला, की त्यातील वजने केंद्रोत्सारी बलामुळे बाहेर फेकली जातात व कप्पीच्या दोन बाजू जवळ ढकलतात. पट्टा त्यामुळे परिघाकडे सरकतो आणि गुणोत्तर 'वरच्या गिअर'कडे जाते. प्राथमिक स्प्रिंग या हालचालीला विरोध करते. ट्रॅककडे शक्ती नेणाऱ्या दुसऱ्या कप्पीला दुय्यम क्लच म्हणतात. तिच्यातील स्प्रिंग आणि हेलिक्स हा तिरक्या उताराचा भाग पट्ट्याला घट्ट धरून ठेवतात. ट्रॅकवरील भार वाढला, की हेच भाग गुणोत्तर पुन्हा खाली आणतात.

उंचीचा परिणाम

प्रमाणित वातावरणानुसार हवेचा दाब व घनता पुढीलप्रमाणे कमी होते :

| उंची (मीटर) | दाब (हेक्टोपास्कल, सुमारे) | घनता (समुद्रसपाटीच्या तुलनेत, सुमारे) |
|---|---|---|
| ० | १,०१३ | १०० टक्के |
| १,००० | ८९९ | ९१ टक्के |
| २,००० | ७९५ | ८२ टक्के |
| ३,००० | ७०१ | ७४ टक्के |

टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्ती देणारे इंजिन ३,००० मीटरवर सुमारे ११५ अश्वशक्तीच देते.

शक्ती घटली, तरी वजनांचे वस्तुमान तेच राहते. दुय्यम क्लचचा विरोध मात्र इंजिनाच्या टॉर्कवर, म्हणजे फिरवण्याच्या जोरावर, अवलंबून असल्याने तो कमी होतो. परिणामी इंजिनाला न पेलणारे वरचे गुणोत्तर लवकर येते आणि फेरे घसरतात. द्विघाती इंजिनाची रचना वेगाच्या एका अरुंद पट्ट्यात सर्वाधिक शक्ती मिळावी अशी केलेली असते. ज्या इंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांना मिळते, ते ७,५०० फेऱ्यांवर अडकले, तर उंचीमुळे आधीच घटलेल्या शक्तीत आणखी घट होते. खोल, भुसभुशीत बर्फाच्या चढावर अशा वेळी वाहन रुतून बसते.

जुळणीचे घटक

* वजने : उंचीसाठी सर्वांत प्रथम वजने हलकी केली जातात. हलकी वजने कप्पीवर कमी जोर देतात, त्यामुळे इंजिनाचे फेरे वाढतात. काही ग्रॅमच्या बदलानेही शेकडो फेऱ्यांचा फरक पडू शकतो. एका क्लचमधील सर्व वजने सारखीच असावी लागतात; अन्यथा समतोल बिघडून कंपने निर्माण होतात.
* प्राथमिक स्प्रिंग : तिच्या सुरुवातीच्या ताणावर पट्टा किती फेऱ्यांना पकड घेतो हे ठरते, तर शेवटच्या ताणाचा परिणाम वरच्या गुणोत्तरातील फेऱ्यांवर होतो.
* हेलिक्स : कमी कोनाच्या हेलिक्समुळे वरचे गुणोत्तर सावकाश येते व भार पडताच ते लवकर खाली उतरते. चढावर हा गुण उपयुक्त ठरतो.
* दातेरी चक्रे : साखळीपेटीतील चक्रे बदलून एकूण गुणोत्तर खाली आणता येते. त्यामुळे कमाल वेग कमी होतो, पण ओढण्याचा जोर वाढतो.

स्की-डूच्या टीआरए प्रकारच्या क्लचवर १ ते ६ आकड्यांचे समायोजक असतात. क्लच न उघडता त्यांद्वारे कमाल फेरे प्रत्येक आकड्यास सुमारे २०० ने कमी-अधिक करता येतात.

जुळणीची पद्धत

उत्पादक आपल्या पुस्तिकेत उंचीनुसार वजने, स्प्रिंगा व हेलिक्स यांचे कोष्टक देतात. जुळणीचा आरंभ या कोष्टकापासून करावा. तत्पूर्वी पट्टा झिजलेला नाही, त्याचा ताण योग्य आहे आणि दोन्ही कप्प्या एका रेषेत आहेत याची खात्री करणे आवश्यक असते. झिजलेल्या पट्ट्यावर केलेली जुळणी नवा पट्टा बसवताच चुकीची ठरते.

त्यानंतर क्लच गरम झाल्यावर, जेथे वाहन चालवायचे आहे तशाच बर्फात, चढावर काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन फेरे पाहिले जातात. फेरे उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याहून कमी असल्यास वजने हलकी करतात. जास्त असल्यास जड करतात. एका वेळी एकच घटक बदलावा, म्हणजे कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळते. कठीण, दाबलेल्या बर्फावर भार कमी असल्यामुळे तेथील चाचणी खोल बर्फासाठी ग्राह्य धरता येत नाही.

चुकीच्या जुळणीचे धोके

उंचीसाठी हलकी केलेली वजने तशीच ठेवून वाहन सखल भागात नेल्यास तेथील दाट हवेत इंजिन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरू शकते आणि त्याचे नुकसान होऊ शकते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या वाहनांत उंचीसाठी बसवलेले लहान जेटही बदलावे लागतात. न बदलल्यास मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन जळण्याचा किंवा अडकण्याचा धोका असतो. म्हणून उंचीवर जाताना केलेला प्रत्येक बदल उतरताना पूर्ववत करणे आवश्यक असते.

क्लचचे काम इंजिन बंद करून व क्लच थंड झाल्यावरच करतात. त्याचे आवरण दाबलेल्या स्प्रिंगवर बसलेले असल्याने ते निष्काळजीपणे उघडल्यास इजा होऊ शकते. संरक्षक कवच काढून इंजिन चालवणेही धोकादायक आहे, कारण वेगात तुटलेला पट्टा जोरात बाहेर फेकला जातो.

टर्बोचार्जर

टर्बोचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो व उंचीमुळे होणारी शक्तीची घट भरून काढतो. स्की-डूने २०२० च्या वाहनमालिकेत टर्बोचार्जरयुक्त द्विघाती इंजिन आणले. ते सुमारे २,४०० मीटर उंचीपर्यंत १६५ अश्वशक्ती कायम राखते, असे कंपनीने जाहीर केले. पोलारिसनेही त्यानंतर अशी वाहने बाजारात आणली. अशा इंजिनांत शक्ती जवळपास स्थिर राहत असल्याने उंची बदलताच वजने बदलण्याची गरज बरीच कमी होते. पट्ट्याची झीज, कप्प्यांची सरळता आणि बर्फाचा प्रकार यांकडे मात्र तेथेही लक्ष द्यावेच लागते.