देवळांतील खर्ज : रबेकांवापासून बास गिटारपर्यंत

ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आमच्या जासईच्या गायकवृंदानें बास गिटार घेण्याचा मनोदय व्यक्त केला आणि धर्मग्रामांत दोन पक्ष पडले. वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, हें वाद्य सिनेमाचें व नाचगाण्याचें. वेदीसमोर त्याचें काय काम? तरुणांचें म्हणणें असें कीं, पेटी व व्हायोलिन ह्यांना खालून आधार देणारा खर्ज नसल्यामुळें आमचें गायन पोकळ वाटतें. वर्गणीचा पैसा कष्टाचा असतो, आणि मिस्सेंतील शांति त्याहूनही मोलाची. म्हणून ह्या प्रश्नाचा पूर्वेतिहास वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पोप चौदावे बेनेदिक्त ह्यांनीं १७४९ सालीं ‘आन्नुस क्वी’ नांवाचें परिपत्र काढलें. ऑर्गनखेरीज देवळांत कोणतीं वाद्यें चालतील, ह्याची त्यांत यादीच आहे. यादींत पहिलें नांव येतें तें चार तारांच्या मोठ्या खर्जवाद्याचें. व्हायोलिनचा क्रम त्याच्या मागून. नगारे, शिकारी शिंगें, कर्णे, बासऱ्या आणि ल्यूट-मँडोलिनसारखीं छेडून वाजवावयाचीं वाद्यें मात्र त्यांनीं वर्ज्य ठरविलीं. परवानगीची अट एकच: वाद्यानें गायकांच्या आवाजास बळ द्यावें. गंमत अशी कीं, ह्या एका यादींत आमच्या दोन्ही पक्षांस आपापला पुरावा सांपडतो. बास गिटार चार तारांची व खर्जाची आहे हें खरें. पण ती छेडून वाजवितात, हेंही खरें!

पुढें १९०३ सालीं पोप दहावे पायस ह्यांनीं पियानो, ढोल व झांजा ह्यांना देवळाबाहेर ठेवलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं ऑर्गनचा मान कायम राखला; परंतु इतर वाद्येंही, तीं उपासनेस योग्य असतील, देवळाच्या प्रतिष्ठेस शोभतील आणि भाविकांच्या भक्तीस खरोखर साह्य करतील तर, अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेण्यास मोकळीक दिली. १९६७ च्या सूचनापत्रानें असेंही बजाविलें कीं, लोकमतानें व वापरानें जीं केवळ ऐहिक संगीतासच योग्य ठरलीं आहेत, तीं वाद्यें उपासनेंत आणूं नयेत. तेव्हां बास गिटार ही ‘केवळ’ सिनेमाची आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

तिचें कूळ पाहतां तसें म्हणवत नाहीं. गोमंतकांतील पॅरिश शाळांतून पिढ्यानपिढ्या मुलांना सोलफा व व्हायोलिन शिकविलें जाई. तेथील देवळांत उपासकालाचीं मोतेतें गातांना व्हायोलिनांच्या जोडीला रबेकांव, म्हणजे उभें धरून वाजवावयाचें थोरलें खर्जवाद्य, असे. त्याच शाळांत तयार झालेले वादक मुंबईस येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. पुढें त्या वाद्यवृंदांत बास गिटार आली. राहुलदेव बर्मन ह्यांच्याकडे टोनी वाझ ह्यांनीं ती वाजविली. सिनेमानें खर्जाची ही विद्या पुष्कळशी देवळाच्या शाळेंतूनच उचलली, हें आमच्या वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां वाद्याकडे वळूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर नांवाचे गृहस्थ रेडिओदुरुस्तीचें दुकान चालवीत. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे! त्यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन बास’ बाजारांत आणली. रबेकांवाला पडदे नसतात. हिला सतारीसारखे पडदे असल्यामुळें स्वर नेमका लागे, म्हणून तें नांव. पोकळ भोपळा नाहीं, तरी आवाज निघतो तो तारांखालच्या ‘पिकअप’मुळें. लोहचुंबकाभोंवतीं केंसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं वेढ्यांत वीज उत्पन्न होते; फॅरेडेनें १८३१ सालीं शोधलेलें हेंच तत्त्व. पण तें वेटोळें दिव्यांच्या विजेचा गुणगुणाटही टिपतें. म्हणून १९५७ सालीं फेंडर ह्यांनीं पिकअपचे दोन तुकडे केले व प्रत्येक तुकडा दोन तारांखालीं उलटसुलट जोडला. त्यामुळें गुणगुणाट परस्पर विरून जातो, तारेचा नाद राहतो. १९६० च्या ‘जॅझ बास’मध्यें मात्र दोन लांबट पिकअप असून, घोडीजवळचा आवाज तीक्ष्ण व दांडीकडचा गोलसर येतो.

आमच्या मुलांचें लक्ष अर्थातच चकाकीकडे. त्यांनीं एवढें जाणून घ्यावें कीं, आरंभींच्या ह्या वाद्यांवर पिकअप झांकणारें चकचकीत क्रोमचें आवरण असे, आणि तें हातास आड येतें म्हणून पुष्कळ वादक काढूनच टाकीत. वाजविणाऱ्याचा आंगठा पिकअपच्या कडेवर टेकतो. ती कड गुळगुळीत हवी. पिकअप तारांच्या फार जवळ आणल्यास चुंबक तारेस ओढतो व स्वर डळमळतो. आमच्या खाडीकांठच्या खाऱ्या हवेंत उघड्या लोखंडी खुंट्यांस गंजही लवकर चढतो, म्हणून झांकलेला पिकअप बरा. ज्यांचीं बोटें आंखूड आहेत, त्यांना जॅझ बासची अरुंद दांडी सोपी जाते, हा तिचा गुण नाकारतां येत नाहीं.

तरीसुद्धां आमचा कौल दोन तुकड्यांच्या पिकअपकडे आहे. सिमेंटच्या भिंती व फरशी असलेल्या देवळांत खर्ज आधींच घुमतो. अगदीं खालच्या तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१, माणसाच्या गळ्याच्या कितीतरी खालीं. तेथें वाद्य राहिलें तर मराठी स्तोत्राचा शब्द न् शब्द ऐकूं येतो. घोडीजवळचा तीक्ष्ण आवाज वर चढून नेमका शब्दांवर पडतो. शिवाय आमच्या ट्यूबलाइटांखालीं, अर्पणानंतरच्या निःशब्द क्षणीं, गुणगुणाट नसणें ही लहान गोष्ट नव्हे.

शिवडीचा सागरी सेतु २०२४ सालीं खुला झाल्यापासून मुंबईचीं वाद्यांचीं दुकानें जवळ आलीं आहेत. गायकवृंदानें दोन वडीलधारे सोबत घेऊन जावें, वाद्य बसून व उभें राहून वाजवून पाहावें आणि आवाजाची कळ अर्ध्यावर ठेवूनच कान द्यावा. रंग काळा कीं तांबूस, हें तरुणांनीं ठरवावें. त्यांत आम्ही पडत नाहीं.