कतारचा हिरवा हिवाळा

मंडळी, वैरणीची चिंता आपल्याकडे उन्हाळ्यात, तर युरोपात हिवाळ्यात. कतारमध्ये मात्र हिवाळा हाच चराईचा हंगाम! पाऊस झाला की 'रौदा', म्हणजे सखल जमिनी, हिरव्या होत. नईम टोळ्या मेंढ्या घेऊन तिकडे वळत. अल मुर्रांचे उंट तर पार सौदीत चरत. १९५९ मध्ये डॅनिश अभ्यासक क्लाउस फर्डिनांड यांनी हे भटके जीवन नोंदवले.

जून २०१७ मध्ये सौदीने सीमा बंद केली आणि तिथे चरणारी कतारी पशुपालकांची हजारो जनावरे परत धाडली. सीमेवर खोळंबून अनेक दगावली. जुलैत 'बलदना'च्या गाई विमानाने आल्या; त्यांची वैरण गोठ्यातच. सीमा जानेवारी २०२१ मध्ये उघडली. दुधाची सोय झाली, पण पोळ्याला बैल पुजणाऱ्या आपल्याला त्या उंटवाल्यांची हळहळ नक्की कळेल.