निर्वात नलिकेवरील ध्वनियंत्रणेचे टिकून राहिलेले आकर्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रेडिओ, दूर अंतराचा दूरध्वनी, बोलपट, विद्युत ध्वनिमुद्रण, रडार आणि प्रारंभीचे संगणक ही सारी तंत्रे एकाच घटकावर उभी होती. तो घटक म्हणजे निर्वात नलिका होय. भारतात ती ‘व्हॉल्व्ह’ या नावाने परिचित आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि त्यानंतरच्या तीन दशकांत व्हॉल्व्ह बहुतेक क्षेत्रांतून हद्दपार झाला. ट्रान्झिस्टर आकाराने लहान, किमतीने स्वस्त, कमी वीज घेणारा व दीर्घकाळ टिकणारा असल्यामुळे हे स्थित्यंतर स्वाभाविकच होते. असे असूनही ध्वनियंत्रणेच्या क्षेत्रात व्हॉल्व्ह नामशेष झाला नाही. १९५० च्या दशकातील अॅम्प्लिफायर आजही जपले जातात, दुरुस्त केले जातात आणि त्याच आराखड्यांवर नवे तयारही होतात. कालबाह्य ठरलेले तंत्र एका क्षेत्रात का टिकून राहते, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न असून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) निर्वात नलिकेचा शोध व ध्वनिक्षेत्रातील तिच्या विकासाचा आढावा घेणे.
२) ट्रान्झिस्टरच्या आगमनानंतर निर्माण झालेल्या ‘आवाजाच्या वादा’चे स्वरूप तपासणे.
३) या आकर्षणामागील तांत्रिक, सामाजिक व आर्थिक कारणांची मीमांसा करणे.

व्हॉल्व्हचा उगम व विकास

तापलेल्या तारेपासून निर्वातातून विद्युतप्रवाह वाहतो, हे एडिसनच्या प्रयोगशाळेत १८८० च्या दशकात आढळले होते. परंतु त्याचा व्यावहारिक उपयोग झाला नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्राध्यापक व मार्कोनी कंपनीचे सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका सिद्ध केली. तिच्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो. पाण्याच्या नळातील एकदिशा झडपेप्रमाणे तिचे कार्य असल्याने ब्रिटनमध्ये ‘व्हॉल्व्ह’ ही संज्ञा रूढ झाली आणि ब्रिटिश अंमलामुळे तीच भारतात आली. अमेरिकेत मात्र ‘ट्यूब’ हाच शब्द वापरला गेला.

१९०६ च्या सुमारास ली डी फॉरेस्ट यांनी या नलिकेत तारेची जाळी बसवून तिसरा अग्र निर्माण केला. या जाळीवरील अल्पशा विद्युतदाबाने मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला, म्हणजेच क्षीण संकेताचे वर्धन शक्य झाले. आपल्या नलिकेत थोडा वायू असणे आवश्यक आहे, असा डी फॉरेस्ट यांचा समज होता. एटी अँड टी कंपनीचे हॅरल्ड अर्नोल्ड आणि जनरल इलेक्ट्रिकचे आयर्विंग लँगम्यूर यांनी उच्च निर्वाताचे महत्त्व ओळखले व नलिका भरवशाची झाली. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को यांमधील दूरध्वनी मार्गाचे औपचारिक उद्घाटन झाले, ते याच नलिकांच्या बळावर.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. ध्वनियंत्रणेतील अनेक मूलभूत सुधारणा संगीतासाठी झालेल्या नाहीत. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण प्रतिभरणाची कल्पना मांडली, ती दूरध्वनी मार्गावरील विरूपण कमी करण्यासाठी. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा आज सर्वाधिक नावाजलेला ३००बी हा ट्रायोड १९३८ मध्ये आला आणि चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणेत वापरला गेला. घरातील संगीतश्रवणाला या साऱ्याचा वारसा नंतर मिळाला.

‘हाय-फाय’चा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ ध्वनीशी जास्तीत जास्त प्रामाणिक राहणारे श्रवण, म्हणजेच ‘हाय-फाय’, ही चळवळ ब्रिटन व अमेरिकेत वाढीस लागली. एच. जे. लीक यांनी १९४५ मध्ये ‘पॉइंट वन’ हा अॅम्प्लिफायर बाजारात आणला. एकूण विरूपण केवळ ०.१ टक्का, हाच त्याच्या नावाचा अर्थ. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात केटी६६ व्हॉल्व्हवर आधारलेला आराखडा संपूर्ण तपशिलासह प्रसिद्ध केला. पंधरा वॅट क्षमतेच्या या आराखड्याची विरूपणाची मर्यादाही ०.१ टक्क्याच्या आतच होती. तो छापील असल्यामुळे अनेक देशांतील हौशी तंत्रज्ञांनी स्वतःच्या हाताने असे अॅम्प्लिफायर बांधले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी आणली आणि चांगल्या यंत्रणेची गरज वाढली. पीटर वॉकर यांचा ‘क्वाड टू’ १९५३ मध्ये, तर डेव्हिड हाफ्लर यांच्या डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ १९५९ मध्ये आला. हा दुसरा अॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळत असे व ग्राहक तो घरी जोडीत.

भारतीय संदर्भ

मुंबईचे प्रक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढील चार दशके महाराष्ट्रातील सुस्थित घरांतून आणि नंतर ग्रामपंचायतींच्या सार्वजनिक संचांतून जे गाणे, भाषण वा बातमीपत्र ऐकले गेले, ते प्रामुख्याने व्हॉल्व्हच्या रेडिओवर. कळ फिरवल्यावर आवाज लगेच येत नसे. तार तापेपर्यंत थांबावे लागे. काही संचांत केंद्र नेमके जुळले की हिरवा ‘जादूचा डोळा’ मिटत येई. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. अर्थात व्हॉल्व्ह हे येथे केवळ आयात केलेले चैनीचे साधन नव्हते. तो जोडणारा, तपासणारा व बदलणारा एक कुशल कारागीरवर्ग गावोगावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून तयार झाला होता.

आवाजाचा वाद

व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’ किंवा ‘भरीव’ असतो, हे विधान वारंवार केले जाते. त्याची छाननी दोन अंगांनी करावी लागते.

पहिले अंग मोजमापाचे आहे. प्रारंभीच्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरमध्ये एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपविले जाताना संधिस्थानी विरूपण निर्माण होत असे. ते मंद आवाजातही जाणवणारे व कर्कश होते. ट्रान्झिस्टरविषयीचा प्रारंभीचा नाराजीचा सूर निराधार नव्हता, असे यावरून म्हणता येते. परंतु हा दोष पुढे दूर झाला. १९७८ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जेम्स मॉयर यांनी एका श्रवणचाचणीची हकिगत प्रसिद्ध केली. तीत व्हॉल्व्हचा ‘क्वाड टू’ आणि त्याच कंपनीचे ट्रान्झिस्टरवरील ‘३०३’ व ‘४०५’ हे अॅम्प्लिफायर श्रोत्यांना न सांगता ऐकविण्यात आले. श्रोत्यांना त्यांतील फरक ओळखता आला नाही.

दुसरे अंग यंत्र आपल्या मर्यादेपलीकडे जाते तेव्हाचे आहे. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात असे दाखविले की, ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनचे वर्धक पुष्कळदा क्षमतेहून अधिक भाराखाली येतात आणि अशा वेळी व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर यांचे वर्तन भिन्न असते. ट्रायोडच्या विरूपणात दुपटीच्या कंप्रतेचा स्वर प्रबळ असतो. भारतीय संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर, मूळ स्वर मध्य षड्ज असेल तर हा जादा स्वर तार षड्ज होय; तिपटीचा स्वर तार सप्तकातील पंचम होय. दोन्ही मूळ स्वराशी संवादी आहेत. सातव्या पटीचा स्वर मात्र प्रचलित स्वरस्थानांत नीट बसत नाही आणि कानाला खुपतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा तारेच्या मूळ स्वरात उपस्वरांची भर हेतुपुरस्सर घालतात. व्हॉल्व्हचे विरूपण त्याच न्यायाने सुखद वाटू शकते. फरक इतकाच की, तंबोरा हे वाद्य आहे आणि अॅम्प्लिफायरने स्वतः वाद्य होऊ नये, ही हाय-फायची मूळ प्रतिज्ञा होती.

म्हणून येथे एक विसंगती दिसते. लीक, विल्यमसन व वॉकर यांनी विरूपण नाहीसे करण्यासाठी परिश्रम घेतले. त्यांच्या यंत्रांच्या आजच्या चाहत्यांपैकी अनेक जण ‘व्हॉल्व्हचा खास आवाज’ शोधतात. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत ही विसंगती उरत नाही. तेथे अतिभाराखालील विरूपण हा वादनाचाच भाग आहे आणि फेंडर, व्हॉक्स व मार्शल यांचे अॅम्प्लिफायर वाद्याचेच अंग मानले जातात.

आकर्षणाची अन्य कारणे

आवाज हे एकमेव कारण असते तर १९७८ च्या चाचणीने हा विषय संपला असता. तसे झाले नाही. त्यामुळे अन्य कारणे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

गतकाळाची ओढ हे कारण सहज पुढे केले जाते; परंतु ते अपुरे आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकची चित्रपटगृहांसाठीची यंत्रणा भाडेतत्त्वावर दिली जात असे. ती घरात वापरण्यासाठी नव्हतीच. तरीही हेच अमेरिकी सामान पुढे जपानमधील संग्राहकांनी मोठ्या प्रमाणावर मिळविले. ज्या वस्तूशी घरातील आठवणी जोडलेल्या नाहीत तिचे हे मोल स्मरणरंजनाने उलगडत नाही.

अधिक सबळ कारण यंत्राच्या सुबोधतेत आहे. व्हॉल्व्हचे आयुष्य काही हजार तासांचे असल्याने तो आरंभापासूनच खोबणीत बसविला गेला. बदलणे हा त्याच्या रचनेचाच भाग होता. पत्र्याच्या पेटीखालील जोडणी डोळ्यांनी वाचता येते. नकाशा हाती असेल तर सत्तर वर्षांपूर्वीचा संच एक कुशल माणूस पुन्हा चालू करू शकतो. याउलट बंदिस्त एकात्मिक मंडलावर चालणाऱ्या यंत्रातील विशिष्ट चकती मिळेनाशी झाली की ते यंत्र संपते. आकर्षणाचा मोठा भाग ‘हे मला समजते व दुरुस्त करता येते’ या अनुभूतीत आहे.

या आकर्षणाची किंमतही नोंदविली पाहिजे. या यंत्रांत तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा दाब असतो. अननुभवी हाताला तो प्राणघातक ठरू शकतो. एकाच ३००बी वर चालणारा अॅम्प्लिफायर सुमारे आठ वॅटच देतो व त्याहून कितीतरी अधिक वीज उष्णतेत घालवितो. शिवाय दुर्मिळतेमुळे किमती वाढतात व गुणवत्तेची चर्चा प्रतिष्ठेच्या चर्चेत विरघळते.

कारखान्यांचा प्रश्न

कोणतेही जुने तंत्र केवळ रसिकतेवर टिकत नाही. त्याला कारखाना लागतो. अमेरिकेतील आरसीएचा हॅरिसन येथील कारखाना १९७६ मध्ये बंद झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे ३००बी चे अखंड उत्पादन १९८८ मध्ये थांबले व पुढे पुनरुज्जीवित करावे लागले. ऋणाग्रावरील ऑक्साइडचा लेप, जाळीचे सूक्ष्म वेटोळे, उरलेला वायू शोषून घेणारा बेरियमचा थर ही कामे कागदावरील सूत्रांपेक्षा कामगारांच्या हातातील सरावावर अवलंबून असतात. पश्चिमेत हा सराव खंडित होत असताना सोव्हिएत संघात तो चालू होता. १९७६ मध्ये जपानमध्ये उतरविण्यात आलेल्या मिग-२५ विमानात निर्वात नलिका आढळल्या होत्या. शीतयुद्धानंतर मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील कारखान्यांनी जगाची गरज भागविली आणि गिटारवादकांच्या मागणीने त्यांना तगविले. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर रशियाच्या निर्यातबंदीमुळे सारातोव्ह येथील कारखान्याच्या व्हॉल्व्हचा पुरवठा अडला. निर्यात नंतर पुन्हा सुरू झाली. तथापि ही सारी परंपरा किती थोड्या कारखान्यांवर उभी आहे, हे त्या प्रसंगाने उघड केले.

निष्कर्ष

१) व्हॉल्व्हचे टिकून राहणे हा ट्रान्झिस्टरच्या श्रेष्ठतेचा पराभव नव्हे. मर्यादेत चालविलेल्या उत्तम यंत्रांतील फरक श्रोत्यांना ओळखता येत नाही. मर्यादेपलीकडील फरक मात्र वास्तव आहे.
२) या आकर्षणाचा पाया आवाजाइतकाच यंत्राच्या सुबोधतेत व दुरुस्तीयोग्यतेत आहे.
३) तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांच्या तारखांनी लिहिता येत नाही. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात वापराच्या इतिहासाचा जो आग्रह धरला, त्याला व्हॉल्व्हचे उदाहरण पुष्टी देते.

वस्तू संग्रहालयात ठेवता येते. ती चालू ठेवण्याचे कौशल्य तसे ठेवता येत नाही. महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळांतून व्हॉल्व्हवरील उपकरणे भंगारात जात असताना ती वापरणारे प्रयोगशाळा साहाय्यक आणि रेडिओ दुरुस्ती करणारे कारागीर वार्धक्यात पोहोचले आहेत. त्यांच्या मौखिक साक्षी इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे नोंदविणे हे खर्चाचे काम नाही. मात्र ते पुढे ढकलण्यासारखेही नाही. ही पिढी गेल्यानंतर नकाशे उरतील, ते वाचून यंत्राला बोलते करणारे हात उरणार नाहीत.