प्रसिद्धिपत्रक, विज्ञानविषयक

संशोधनाची माहिती वृत्तपत्रे, वाहिन्या आणि वृत्तसंस्थांना कळावी म्हणून विद्यापीठ, संशोधन संस्था, शोधपत्रिका, औषध कंपनी किंवा सरकारी खाते बातमीच्या साच्यात जो मजकूर लिहून पाठवते, तो विज्ञानविषयक प्रसिद्धिपत्रक होय. वृत्तपत्राच्या कचेरीत त्याला सरसकट ‘प्रेसनोट’ म्हणतात. वर मथळा, पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग संशोधकाच्या तोंडचे एखादे वाक्य, शेवटी संस्थेची ओळख आणि संपर्क क्रमांक, असा तिचा घाट ठरलेला असतो. मूळ शोधनिबंध अवघड असतो आणि पुष्कळदा पैसे भरल्याशिवाय वाचायलाही मिळत नाही, त्यामुळे संशोधन लोकांपर्यंत पोहोचते ते बहुतांशी प्रेसनोटच्या शब्दांत. बातमी चुकली की पत्रकारांनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. पण ताणलेला दावा पुष्कळदा संस्थेच्या दारातूनच, आणि संशोधकाच्या संमतीने, बाहेर पडलेला असतो.

प्रसिद्धिपत्रकाचा जनक म्हणून अमेरिकन जनसंपर्कतज्ज्ञ आयव्ही ली याचे नाव घेतले जाते. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळच्या रेल्वे अपघातानंतर त्याने रेल्वे कंपनीच्या वतीने निवेदन काढले होते. विज्ञानाच्या क्षेत्रात आज ‘युरेकअलर्ट’ हे मोठे वाटपकेंद्र आहे. अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने ते १९९६ मध्ये सुरू केले. तेथे येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांच्या अचूकतेची जबाबदारी आपली नाही, असे ही संस्था स्वच्छ बजावते. भारतात केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय आणि महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हे काम करतात. विज्ञान हा त्यांच्या कामाचा एक लहान भाग.

मोठ्या शोधपत्रिका निबंध छापण्याच्या काही दिवस आधी प्रसिद्धिपत्रक पत्रकारांच्या हाती देतात. अट एकच: ठरलेल्या वेळेआधी बातमी द्यायची नाही. तज्ज्ञांशी बोलायला वेळ मिळावा, हा या ‘एम्बार्गो’चा हेतू. प्रत्यक्षात जगभर एकच बातमी एकाच घटकेला फुटते आणि तिला मुद्दाम महत्त्वाच्या घटनेचे रूप येते. ‘नेचर’चा एम्बार्गो बुधवारी लंडनच्या दुपारी चारला उठतो; आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. ‘सायन्स’चा उठतो तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात शुक्रवार लागून अर्धा तास झालेला असतो. त्या वेळी डेस्कवर बसलेल्या उपसंपादकाने कोणा तज्ज्ञाला झोपेतून उठवावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. तो वृत्तसंस्थेचा मजकूर मराठीत उतरवतो, मथळा बसवतो आणि पान सोडतो.

अतिशयोक्तीचा माग. या विषयावरचा सर्वांत चर्चिला गेलेला अभ्यास कार्डिफ विद्यापीठातील पेट्रॉक सम्नर, क्रिस चेंबर्स आणि सहकाऱ्यांचा आहे. तो डिसेंबर २०१४ मध्ये ‘बीएमजे’त आला. ब्रिटनच्या २० आघाडीच्या विद्यापीठांनी २०११ मध्ये आरोग्याशी निगडित संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके त्यांनी घेतली आणि प्रत्येकासोबत मूळ निबंध व छापून आलेल्या बातम्या ताडून पाहिल्या. ४० टक्के प्रसिद्धिपत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधापेक्षा वाढवून सांगितलेला होता. ३३ टक्क्यांत केवळ सहसंबंधाला कार्यकारणभाव ठरवले होते, तर ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना लावून टाकले होते. खरी गोम पुढे आहे. प्रसिद्धिपत्रकात कार्यकारणाचा दावा ताणलेला असेल, तर ८१ टक्के बातम्यांतही तो ताणलेला निघाला. नसेल, तर १८ टक्क्यांत. प्राण्यांवरून माणसांवर उडी मारण्याच्या बाबतीत हेच प्रमाण ८६ आणि १० टक्के होते. एवढे ताणून बातम्या जास्त छापून आल्या, असेही ठळकपणे दिसले नाही. प्रसिद्धिपत्रक हेच बातमीतल्या चुकीचे कारण आहे, असे मात्र या अभ्यासावरून सिद्ध होत नाही, कारण तोही सहसंबंधाचाच अभ्यास आहे. लेखकांनी तसे स्वतः नोंदवले आहे.

त्याआधी, २०१२ मध्ये, ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेल्या एका फ्रेंच गटाच्या पाहणीने माग आणखी मागे नेला होता. औषधचाचण्यांच्या प्रसिद्धिपत्रकांतली रंगसफेदी बहुतेक वेळा निबंधाच्या सारांशातच सुरू झालेली होती. जनसंपर्क अधिकाऱ्याने ती फक्त उचलली.

दिशाभूल होण्यासाठी खोटे लिहावेच लागते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २६ ऑक्टोबर २०१५ रोजी काढलेले पत्रक पाहावे. सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस तिने कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नव्हे. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते, हा आकडा त्यात होता. एकेका माणसापुरता धोका लहानच राहतो, असेही त्यात म्हटले होते. जगभरच्या मथळ्यांत मात्र तंबाखू आणि १८ टक्के एवढेच उरले. समजा शंभरांतल्या पाच जणांना हा रोग होणार असेल, तर १८ टक्के वाढीने ते जेमतेम सहा होतात. ही बेरीज पत्रकातच करून दिली असती, तर बराच गोंधळ टळला असता.

निबंधाआधी घोषणा. २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांनी साध्या काचपात्रात, सामान्य तापमानाला, अणुसंमीलन घडवल्याचे जाहीर केले. निबंध तेव्हा कोणाच्या हाती नव्हता. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी बातम्यांतली छायाचित्रे पाहून उपकरणे जुळवली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी प्रयोग झाले. काही महिन्यांतच बहुसंख्य शास्त्रज्ञांनी दावा निकालात काढला.

नासाने २९ नोव्हेंबर २०१० रोजी पत्रकार परिषदेचे नुसते निमंत्रण काढले. परग्रहावरील जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारे काही सापडले आहे, एवढाच त्यात उल्लेख होता. तीन दिवस अफवांना ऊत आला. प्रत्यक्षात निघाला तो कॅलिफोर्नियाच्या मोनो सरोवरातला एक जिवाणू. फॉस्फरसऐवजी तो आर्सेनिकवर निभावतो, असा दावा होता. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र निबंधांनी तो खोडला आणि २०२५ मध्ये ‘सायन्स’ने मूळ निबंध मागे घेतला. निमंत्रणाच्या वेळची हवा ज्यांना आठवते, त्यांतल्या किती जणांनी ही शेवटची बातमी वाचली असेल?

करोनाकाळात लशींच्या निकालांसाठी प्रसिद्धिपत्रक हेच काही आठवडे एकमेव दार होते. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेका लशीचे निकाल २३ नोव्हेंबर २०२० रोजी असेच आले: दोन पूर्ण मात्रा घेणाऱ्यांत परिणामकारकता ६२ टक्के, आधी अर्धी व मग पूर्ण मात्रा घेणाऱ्यांत ९० टक्के आणि दोहोंची सरासरी ७०. अर्धी मात्रा हा मोजमापातल्या गफलतीचा परिणाम होता, हे नंतर उघड झाले. सविस्तर निबंध ८ डिसेंबरला ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या याच लशीला, कोव्हिशिल्डला, ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी देताना औषध महानियंत्रकांच्या निवेदनात ७०.४२ टक्के हा आकडा होता आणि तोच सगळीकडे छापला गेला. भारतात मंजूर झाला तो दोन पूर्ण मात्रांचा क्रम, म्हणजे ६२ टक्क्यांचा. दोन दशांश स्थळांमुळे सरासरीलाही नेमकेपणाचा डौल येतो. लस उपयोगी होती याबद्दल वाद नाही. वाचकाला दिलेला आकडा त्याला मिळणाऱ्या मात्रांचा नव्हता, इतकेच.

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर या प्रकाराचे एक घरगुती रूप दिसते, ते म्हणजे ‘प्राध्यापकांच्या संशोधनाला पेटंट’. प्रेसनोट महाविद्यालयाकडून येते, सोबत प्राचार्यांसह सत्काराचे छायाचित्र असते, आणि बातमी जशीच्या तशी लागते. भारतीय पेटंट कायद्यानुसार अर्ज दाखल झाल्यावर साधारणपणे १८ महिन्यांनी तो प्रकाशित होतो आणि अर्जदाराने विनंती केली तर त्याआधीही. प्रकाशन म्हणजे मंजुरी नव्हे. परीक्षण पुढे व्हायचे असते. तरीही ‘प्रकाशित’चे ‘प्राप्त’ होते. मूल्यांकनात पेटंटला गुण मिळत असल्याने संस्थांना याची घाई असते. अर्जाची स्थिती पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते, पण तेवढी तसदी क्वचितच घेतली जाते.

उपाय. सम्नर यांच्या गटाने पुढे नऊ ब्रिटिश प्रसिद्धी कार्यालयांच्या सहकार्याने ३१२ प्रसिद्धिपत्रकांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’मध्ये आले. सावध मथळा किंवा मर्यादा सांगणारे वाक्य घातल्याने बातम्या कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. लंडनच्या सायन्स मीडिया सेंटरने २०१८ पासून प्रसिद्धिपत्रकाच्या माथ्यावर खूणचिठ्ठी लावण्याची पद्धत पुढे आणली. संशोधन तज्ज्ञांनी तपासले आहे का, पुरावा कोणत्या जातीचा आहे, अभ्यास माणसांवर झाला, प्राण्यांवर की पेशींवर, हे तीन शब्दांत कळते. चिठ्ठी असते ती पत्रकारासाठी. बातमी छापताना ती वाचकापर्यंत न्यावी असे बंधन कोणावरही नाही.