मोडीची अखंड ओळ आणि अवतरणचिन्हांतला पत्ता

अक्कलकोट संस्थानच्या काळातील एखादा मोडी कागद डोळ्यांसमोर आणावा. लेखनिकाने प्रथम कडेपासून कडेपर्यंत शिरोरेषा ओढली आणि तिच्याखाली अक्षरे गुंफत नेली. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही. शब्द कोठे तुटतो, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. 🧵

संगणकाच्या कमांड लाइनचा नियम नेमका उलट आहे. तिथे मोकळी जागा दिसली की शब्द तुटलाच! मग अशा कागदांची छायाचित्रे ‘अक्कलकोट संस्थान’ नावाच्या फोल्डरात ठेवणाऱ्या अभ्यासकाचे काय होते?

थोडे मागे जाऊ. १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि तिरपी रेघ (/) आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा पत्त्यासाठी उलटी रेघ (\) घ्यावी लागली. फाइलचे नाव ८ अक्षरांचे, त्यामागे ३ अक्षरांची शेपटी. विंडोज ९५ ने ही मर्यादा २५५ पर्यंत नेली, नावांत मोकळी जागा रुळवली आणि स्वतःच्याच एका मुख्य फोल्डराचे नाव ‘प्रोग्राम फाइल्स’ ठेवले.

संकट येथून सुरू होते. समजा, जुनी प्रत पुसण्यासाठी बॅच फाइलीत लिहिले:

डेल /क्यू अक्कलकोट संस्थान

संगणक येथे दोन नावे वाचतो. शेजारी नुसता ‘अक्कलकोट’ नावाचा फोल्डर असेल, तर त्यातील फाइली एकही प्रश्न न विचारता पुसल्या जातात. ‘संस्थान’ सापडत नाही, एवढीच तक्रार पडद्यावर उमटते.

ही भीती काल्पनिक नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स २.० ची मॅकवरील स्थापना-स्क्रिप्ट अशीच चुकली. पत्त्याभोवती अवतरणचिन्हे नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांपैकी काहींचा सारा संग्रह नाहीसा झाला. सुधारित आवृत्ती तातडीने आली, पण गेलेले कागद तिने परत आणले नाहीत.

उपाय म्हणजे पत्ता अवतरणचिन्हांत बांधणे. मराठी छापील गद्यात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मात्र छापखान्याची वळणदार चिन्हे (“ ”) येथे निरुपयोगी, विंडोजच्या कमांड लाइनला सरळ दुहेरी चिन्हच (") लागते. एकेरी चिन्हही चालत नाही. लेखातून आज्ञा उचलून चिकटवणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

पत्ता बाहेरून येत असेल, तर तो आधीच अवतरणांत असू शकतो. टक्केचिन्ह आणि क्रमांक यांच्यामध्ये ‘~’ लिहिल्यास ती जुनी चिन्हे गळतात; मग आपली एकदाच घालावीत. नावे देवनागरीत असतील, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून आरंभीच कोडपेज ६५००१ निवडावे. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले आहे. फोल्डराचे नाव आता थेट मोडीत लिहिता येते.